यादीतली बारावी ओळ

आमच्या कचेरीत मला ढुंढिराज म्हणून हाक मारणारे दोघे-तिघेच. बाकीचे मला यादीवाले म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, मी दाराबाहेर पडलो की म्हणतात, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. मला त्याचा राग येत नाही. एके काळी तर अभिमानच वाटायचा.

रोज सकाळी सहा वाजता मी दिवसभराच्या कामांची यादी करायला बसत असे. कागद बद्रुद्दीनभाईंचा. भद्रकालीच्या बोळात त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, आणि आमच्या कचेरीची सगळी रजिस्टरं तेच बांधतात. कडा कापल्यावर कागदाच्या ज्या पट्ट्या उरतात त्या एकत्र शिवून ते मला वह्या करून देत. पट्टी वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. माझ्या अक्षरात तिच्यावर बरोबर बारा ओळी बसायच्या. तेरावीला जागा नसे आणि अकराच लिहिल्या तर कागद वाया गेल्यासारखा वाटे, म्हणून रोज बारा कामं. ज्या कामाला तारीख आहे ते वर, ज्याला नाही ते खाली. काम झालं की त्यावर लाल पेन्सिलीची एक रेघ. संध्याकाळी जे उरेल ते दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर उतरवायचं. एकदा कागदावर आलं की डोकं मोकळं, असं मी कचेरीतल्या नव्या उमेदवारांना ऐकवत असे. ते बिचारे मान डोलवायचे.

घरातही मी सगळ्यांना शिस्त लावली होती. सगळे म्हणजे माझी बायको उत्तरा आणि माझे वडील नाना. उत्तराला कंदिलाची काच हवी असली तर ती 'काच आणा' म्हणत नसे, 'यादीत घाला' म्हणे. शिवाय माझा एक कडक नियम होता. माझ्या यादीतल्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा तिनं माझी छत्री परस्पर दुरुस्त करून आणली तर मी घर डोक्यावर घेतलं. छत्री नीट झाली होती, पण माझी एक रेघ हुकली होती.

ही खोड मला कुठून लागली तेही सांगतो. नाना आमच्या नाशकातल्या ट्रामवर तिकिटं द्यायचे. मेन रोडवरून निघून नाशिक रोडच्या, म्हणजे आम्ही नुसतं रोड म्हणतो त्या, स्टेशनापर्यंत जाणारी ट्राम; आता ती नाही. बावीस वर्षं त्यांनी चिमट्यानं तिकिटांना भोकं पाडली आणि दोरी ओढून घंटा दिली. ट्राम चालवायला बहुतेक वेळा अकबर, म्हणजे बद्रुद्दीनभाईंचा थोरला भाऊ. या जोडीची ट्राम कधी वेळेवर पोचली नाही. लांबून कोणी धावत येताना दिसलं की नाना घंटेची दोरी सोडून देत, आणि घंटा झाल्याशिवाय अकबर गाडी हलवत नसे. पोटुशी बाई असो नाहीतर डोक्यावर बोचकं घेतलेला सायखेड्याचा म्हातारा असो, माणूस चढून टेकेपर्यंत ट्राम उभी. मी बारा वर्षांचा असताना एकदा नानांचा डबा घेऊन गेलो, तर कंपनीचा साहेब हातात घड्याळ धरून त्यांना चारचौघांत झापत होता आणि नाना मान खाली घालून ऐकत होते. मला त्या साहेबाचा राग यायला हवा होता. मला नानांचा आला. आपण जन्मात कधी उशीर करायचा नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

ट्राम बंद होणार अशी बोलवा उठली तेव्हा नाना घरी बसून सहा वर्षं झाली होती. दम्यानं त्यांची छाती भरलेली असे आणि एकट्यानं लांब जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चैत्रातल्या एका सकाळी ते माझ्या मेजापाशी येऊन उभे राहिले.

"ढुंढिराज, ट्राम बंद करणार म्हणतात."

"म्हणतात खरं."

"एकदा रोडपर्यंत जाऊन आलो असतो. तिकीट काढून, उतारूंसारखं बसून. बावीस वर्षं उभाच होतो मी तिच्यात." ते जरा हसले. "तू येशील का? दोघं जाऊ."

"लिहितो," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत बाराव्या ओळीवर लिहिलं, 'नाना, ट्राम.' ते खूश होऊन गेले. आमच्या घरात लिहिलं म्हणजे झाल्यातच जमा, असं सगळे धरून चालत.

बारावी ओळ अशासाठी, की त्या कामाला तारीख नव्हती. ट्राम बंद होणार हे जो तो सांगे, पण कधी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ नव्या पट्टीवर उतरवली. तिसऱ्या दिवशीही उतरवली. चैत्र गेला, वैशाख गेला. मी आंघोळीला गेलो की नाना चष्मा लावून माझी यादी वाचतात हे मला माहीत होतं. बोट वरून खाली यायचं, शेवटच्या ओळीवर थांबायचं, मग ते चष्मा घडी करून ठेवायचे. मला वाटे, बघू दे बघायचं तर, काम यादीत आहे ना त्यांचं. रविवारी ते सातलाच कोट आणि काळी टोपी घालून ओट्यावर बसत. दहाच्या सुमाराला कोट पुन्हा खुंटीवर गेलेला असे.

अशा रविवारी मी काय करत असे, ते जुन्या पट्ट्या चाळल्या की दिसतं. सिन्नरच्या मावसभावाला पत्र. वाचनालयाची पुस्तकं परत. कपाटाच्या दाराचं बिजागर. ही सगळी कामं झाली. ते बिजागर अजूनही कुरकुरत नाही. एका शनिवारी तर कचेरी अर्धा दिवस होती आणि दुपारी तीनलाच माझी अकरा कामं उरकली. मेन रोड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी मागच्या तीन महिन्यांतल्या कामांची विषयवार यादी करायला घेतली. म्हणजे याद्यांची यादी. नाना दारातून एकदा डोकावून गेले. मी मान वर केली नाही, पण गेलेले कळले मला.

उत्तरा एकदा म्हणाली, "अहो, मी नेऊन आणू का मामंजींना? मेन रोडपर्यंत टांग्यानं जाऊ, तिथून ट्राम."

"तुला म्हणाले का ते?"

"म्हणाले नाहीत. पण दिसतं ना मला."

"माझ्या यादीत आहे ते," मी म्हणालो. "मीच नेणार आहे."

नाना आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं.

त्यांचं आणखी एक मागणं होतं, पण ते यादीत घालण्यासारखं मला कधी वाटलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो की ते आपल्या खाटेवर थोडं सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, "बस जरा." मी म्हणायचो, "यादी पुरी होऊ दे नाना, मग निवांत बसतो." हे खोटं नव्हतं. यादी पुरी झाली असती तर मी बसलो असतो. पण अकरा रेघा मारून झाल्या तरी बारावी ओळ शिल्लक राहायची, आणि बारावी ओळ म्हणजे तर त्यांचंच काम. ही गंमत माझ्या ध्यानात आली नाही. नानांच्या आली.

आषाढातली गोष्ट. त्या दिवशी मी निघायच्या घाईत पट्टी मेजावरच विसरून गेलो. असं कधी होत नसे. यादी पाठ होती, त्यामुळे अकराही कामं बिनबोभाट करून संध्याकाळी घरी आलो. रेघा मारायला पट्टी हातात घेतली तर बारावी ओळ आधीच खोडलेली. 'नाना, ट्राम' या शब्दांवरून लाल रेघ गेली होती. रेघ थोडी वाकडी होती.

उत्तरानं नेलं वाटतं, हा माझा पहिला विचार. एरवी मी तिला तिथल्या तिथे जाब विचारला असता. त्या दिवशी मात्र मला इतकं हलकं वाटलं की मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. विचारलं असतं तर इतके दिवस आपण का नेलं नाही, हाही प्रश्न निघाला असता. तो मला नको होता. मी बाकीच्या अकरा रेघा मारल्या आणि पूर्ण खोडलेली ती पट्टी दिव्यापाशी धरून पाहिली. इतकी सुबक यादी मी त्याआधी पाहिली नव्हती.

"झाली का रे यादी?" नानांनी खाटेवरून विचारलं.

"झाली नाना. बाराच्या बारा."

"छान झालं," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी जागा केली.

मी बसलो. खरंच बसलो मी त्यांच्या शेजारी. पण हातात वही होती. आज लवकर उरकलं आहे तर उद्याची यादी आत्ताच करून टाकू, म्हणून मी पेन्सिलीला टोक काढलं. अकरा कामं भराभर उतरली. मग मी विचारलं, "नाना, उद्याचं तुमचं काही आहे का?"

"नाही रे," ते म्हणाले. "माझं काही नाही."

बारावी ओळ रिकामी राहू नये म्हणून मी तिथे लिहिलं, 'वहाणेचा अंगठा शिवून घेणे.'

त्यानंतर पंधरवड्यानं ट्राम बंद झाली. कचेरीत दिवसभर दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी जेवताना मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "बरं झालं नाना, तुम्ही वेळेवर जाऊन आलात ते."

नानांचा घास हातातच राहिला. त्यांनी उत्तराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," ते म्हणाले. "बरं झालं."

"गर्दी होती का?"

"होती की. पण मला कडेची जागा मिळाली." आणि मग ते सांगायलाच लागले. इतकं भरभरून बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "अकबरच होता चालवायला. मला म्हणाला, नाना, आज तुम्ही बसा नुसते. गावाबाहेर पडलो तर एक बाई लेकरू काखेत घेऊन धावत येत होती. मी म्हटलं, अकबर, थांब. थांबला तो. रोडला पोचायला उशीर झाला, पण चढली बिचारी."

"आणि तिकीट काढलंत का?"

"काढलं. दोन काढली."

"दोन कशाला?"

"मागितली गेली दोन," नाना म्हणाले. "सवयीनं."

उत्तरा ताक आणते म्हणून उठली. ताकाचं भांडं पानासमोरच होतं. मी दूध-भात कालवत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, म्हाताऱ्याची हौस फिटली.

श्रावण लागता लागता माझी वही संपली, म्हणून मी भद्रकालीच्या बोळात गेलो. बद्रुद्दीनभाई एका रजिस्टराचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे, शिवत बसले होते. मला पाहून त्यांनी फळीवरून नवी वही काढून दिली आणि पुन्हा सुई हातात घेतली. दोन शब्द बोलावेत म्हणून मी म्हणालो, "आमचे नाना बंद व्हायच्या आधी ट्रामनं जाऊन आले बरं का. अकबरभाईच होते म्हणे चालवायला."

त्यांची सुई थांबली. "कोण होतं?"

"तुमचे अकबरभाई."

"पंत," ते हळूच म्हणाले, "भाईजानला जाऊन दोन बरसं झाली. तुमचे नाना मयतीला आले होते. दम लागत होता त्यांना, मी टांगा बघतो म्हटलं, तर ऐकेनात. कबरस्तानापर्यंत चालत आले. तुम्हीपण आला होता की तिसऱ्या दिवशी, आमच्या घरी. पाच मिनिटं बसून गेला."

त्यांनी हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते परत शिवायला लागले. मी मात्र नवी वही हातात धरून तिथेच उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पट्टीवर 'अकबरच्या घरी भेट' असं लिहिलेलं असणार, आणि त्यावर सरळ लाल रेघ असणार. रेघ मारली आणि मी ते विसरलो. कागदावर आलं की डोकं मोकळं.

घरी आलो तेव्हा उत्तरा सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"नानांना ट्रामनं कोणी नेलं होतं?"

"कोणी नाही."

"मग ती रेघ?"

"मामंजींनीच मारली." ती तांदळातून बोटं फिरवत राहिली. "लाल पेन्सिल माझ्याकडून मागून घेतली. म्हणाले, एवढ्या एका ओळीपायी त्याची यादी पुरी होत नाही. ती गेली म्हणजे बसेल जरा माझ्यापाशी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

तिच्या कामात मी चूक काढली नाही असा एक दिवस गेला नसेल, आणि त्या दिवशी विचारायला हवं होतं तेव्हा मी तोंड शिवून बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते.

एक कोडं मात्र मला आजपर्यंत सुटलेलं नाही. नानांची आठवण शेवटपर्यंत पक्की होती. मग ज्याच्या मयतीला ते धापा टाकत चालत गेले, त्याला त्यांनी त्या दिवशी जेवताना पुन्हा ट्रामवर का बसवलं? मला वाटतं, मी त्यांना पकडावं अशी त्यांची इच्छा होती. 'नाना, अकबर तर गेला ना,' एवढं जरी मी म्हटलं असतं तरी त्यांना कळलं असतं की मुलगा ऐकतो आहे. उत्तरा ऐकत होती, म्हणून ती उठून गेली. मी फक्त काम झाल्याची खात्री करून घेत होतो.

मी आत गेलो. नाना खाटेवर भिंतीला टेकून बसले होते.

"नाना, चुकलो मी."

त्यांनी कशाबद्दल ते विचारलं नाही. "चुकायचं काय त्यात? कामं असतात माणसाला."

"येत्या रविवारी टांगा करतो. ट्रामच्या रस्त्यानंच रोडपर्यंत जाऊ, दोघं."

"रूळ उखडायला घेतलेत म्हणे," नाना म्हणाले. "ते कशाला बघायचं?"

"मग दुसरीकडे कुठे जाऊ. तुम्ही म्हणाल तिथे."

"अरे, खोडलंय ना ते," ते अगदी मायेनं म्हणाले. "राहू दे आता."

आयुष्यभर ज्या माणसानं धावत येणाऱ्या कोणाहीसाठी घंटेची दोरी सोडून दिली, त्यानं माझ्यासाठीही तीन महिने ती सोडूनच ठेवली होती. मी धावत नव्हतो. मी सावकाश, सरळ रेघा मारत येत होतो.

नाना त्यानंतर तीन वर्षं होते. आमच्यात अबोला वगैरे काही झाला नाही. ते माझ्याशी नेहमीसारखंच गोड बोलत. मी वहीतली रीत बदलली. पहिल्याच ओळीवर लिहू लागलो, 'नानांना काय हवं ते विचारणे.' रोज संध्याकाळी वही बाहेरच्या खोलीत ठेवून मी त्यांच्यापाशी जायचो आणि विचारायचो. ते म्हणायचे, "काही नको रे. सगळं आहे." मी बसायचोही, पाऊण तास, तासभर. फक्त आता ते सरकून जागा करत नसत. मीच खाटेच्या कडेला टेकायचो.

ते गेले तेव्हाही त्यांची काही इच्छा राहिली होती का, हे मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी विचारलं होतं, आणि त्यांनी नुसतीच मान हलवली होती. त्या तीन वर्षांच्या सगळ्या पट्ट्या माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकीवर पहिल्या ओळीवरून लाल रेघ गेलेली आहे, म्हणजे ते काम मी एकही दिवस चुकवलेलं नाही.